लाल गिटारीची राहिलेली अदलाबदल

मी, श्रीमती शालिनी भिवा ओव्हाळ, वय वर्षे ६९, शिक्षण बी.एस्सी. (पदार्थविज्ञान), धंदा कॉईल वाइंडिंग, राहणार पिंपरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा ते मोबाईल पाहत होते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; आजवर तो कोणाला जमलेला नाही. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा संघर्ष याने करावी आणि घाई करू नये.

१. घर. पिंपरीचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तो संघर्ष आणि मुलगी मिनल यांना निम्मा-निम्मा. मिनल माझ्याजवळ राहते व रोज चाकणला कंपनीत जाते. तिला हवे तितकी वर्षे तिने इथेच राहावे; तोवर फ्लॅट विकू नये. स्वयंपाकाचा ओटा मी माझ्या उंचीचा करून घेतला होता. सूनबाईंची पाठ त्याने दुखते हे मला माहीत आहे. आता तो उंच करून घ्यावा.

२. बँकेतील व पोस्टातील ठेवी दोन्ही मुलांना समान. पासबुके लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात आहेत.

३. वर्कशॉप. भोसरीच्या गाळ्यातील मोटरवर चालणारी तिन्ही वाइंडिंग मशीन दिपाली हिला द्यावीत. ती माझ्याकडे एकोणीस वर्षे काम करते आणि तिने एकदाही खोटे कारण सांगून सुट्टी घेतलेली नाही. खरी कारणेही तिने कमीच सांगितली. एकच अट: तपासून पास झालेल्या कॉईलवरच हिरवा ठिपका द्यायचा. गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून ठिपका द्यायचा नाही. हाताने फिरवायचे जुने मशीन यात धरू नये. त्याचे पुढे लिहिले आहे.

४. माझी नणंद चिमाबाई हिने १९८९ साली माझा प्रेशर कुकर दोन दिवसांसाठी नेला. तो परत मागू नये. त्याचे झाकण मी तेव्हा दिले नव्हते, ते माळ्यावर आहे. तेही आता तिला देऊन टाकावे.

५. गिटारी. हे कलम लांब होणार आहे. वकीलबाई म्हणाल्या, एवढे लिहायची गरज नाही. त्यांना नसेल.

माझे पती कालकथित भिवा, त्यांचे मित्र दिग्विजय शिवळे (राहणार महाळुंगे) आणि बबनराव घुले (राहणार भोसरी) हे तिघे एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला होते आणि एकाच ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. जयंती, गणपती, कोणाची हळद. बोलावतील तिथे जात. तिघांकडे मिळून इलेक्ट्रिक गिटारी कधी चार असत, कधी पाच. त्या ते आपसांत बदलत. दिवस ठरलेला, खंडेनवमीचा. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होऊन दुपारी सुट्टी होई. आम्ही बौद्ध असल्याने भिवा पूजेला थांबत नसत. पेढ्याला थांबत. मग तिघे आमच्या घरी येत.

त्यांचे नियम कंपनीच्या नियमांपेक्षा कडक होते. गिटारीला गिटारच द्यायची. वर पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत. तीन दिवसांत परत करता येईल, चौथ्या दिवशी नाही. घेणाऱ्याने तारा सैल करून त्यांच्याखालची प्लॅस्टिकची पाटी उघडायची आणि आतल्या लाकडावर पेन्सिलीने आपले नाव व साल लिहायचे. पाटी घेणाऱ्यानेच उघडायची. इतरांनी नाही, बायकोने तर नाहीच.

गिटारीची किंमत कशावरून ठरते, यावर तिघांनी माझ्या घरचा मणभर चहा संपवला. बबनराव म्हणत, लाकडावरून. दिग्विजयभावजी म्हणत, कुठं बनली त्याच्यावरून.

"जपानची म्हंजी जपानची, बबन. तुझ्या त्या दाराच्या फळीला काय कळतंय?"

"जपानची आहे म्हणून काय आपोआप वाजते का, राव? बोटं तर महाळुंग्याचीच आहेत ना?"

भिवा शेवटी बोलत. "देऊन आल्यावर जेवताना जिची आठवण येते, ती भारी."

मी म्हणत असे, "तुम्ही जेवताना कधीच काही बोलत नाही. म्हणजे सगळ्याच भारी."

आज घरात दोन गिटारी आहेत. पांढरी कोलकात्याची, मानेत किंचित वाकलेली. ती भिवांची स्वतःची. कोणीही बदलून घ्यायला तयार नसल्यामुळे ती कायम आमच्याकडेच राहिली. ती संघर्षला द्यावी. त्याला वाजवता येत नाही, पण लहानपणी तो तिच्या पेटीत झोपत असे.

६. लाल गिटार. ही जपानी. कंपनीत आलेला एक जपानी इंजिनीअर १९८६ साली मायदेशी परतताना ती दिग्विजयभावजींना देऊन गेला. १९९२ च्या उन्हाळ्यात तिचा पिकअप गेला. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले लोहचुंबक व त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ती तार तुटली की गिटार मुकी होते.

भिवा म्हणाले, "आमच्या घरात कॉईलवाली बसली आहे. शालिनी गुंडाळून देईल."

"नको रं भावा. माझ्या जपानी गिटारीत भोसरीचा माल नको."

मी स्वयंपाकघरात होते. मध्ये फक्त पडदा होता.

भिवांनी गिटार दुरुस्तीला म्हणून ठेवून घेतली आणि तुटलेली कॉईल दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. तो गुरुवार होता. गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांत वीज नसे. मी हाताने फिरवायच्या मशीनवर बसले. त्याला काउंटर नव्हता, त्यामुळे वेढे तोंडाने मोजत होते. सात हजार सहाशे घालायचे होते. चार हजार एकशे बाराला बबनरावांनी दारातून डोके आत घातले.

"वहिनी, भिवा कुठाय?"

"घरी," मी म्हणाले, आणि मोजणी गेली.

आयुष्यात मी मोजणी चुकले ती तेवढी एकदा. तार तोडून पुन्हा सुरुवात करायला हवी होती. तेवढी तार शिल्लक नव्हती. बॉबिन भरेपर्यंत गुंडाळत गेले. किती वेढे झाले ते कोणालाही माहीत नाही. हाताने घातल्यामुळे ते एकसारखेही बसले नव्हते. माझ्या वर्कशॉपमधून असा माल मी बाहेर जाऊ दिला नसता. हा दिला, कारण घरचा होता.

भिवांनी कॉईल बसवली आणि मित्राला सांगितले की मुंबईहून अमेरिकन पिकअप मिळाला. भावजींनी आमच्या घरी वाजवून पाहिली.

"तूप हाय तूप!" ते म्हणाले. "असला आवाज भोसरीत जन्मात झाला नसता. व्हय की न्हाई, वहिनी?"

मी त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी दुसरा कप मागितला.

पुढे वीस वर्षे लाल गिटार तिघांच्या घरी फिरत राहिली आणि तिघेही तिच्या अमेरिकन आवाजाचे कौतुक करत राहिले. भिवा करू लागले की मी उठून जात असे. मागच्या वर्षी पुण्याचा एक व्यापारी घरी आला. चांगली किंमत देतो म्हणाला, फक्त पिकअप अस्सल अमेरिकन आहे असे लिहून द्या. मी त्याला पाणी देऊन वाटेला लावले. न तपासलेल्या मालावर मी सही केलेली नाही. हा तर मीच चुकवलेला माल.

आता मुद्द्याचे. २०१२ च्या खंडेनवमीला भिवा अंथरुणावर होते. लाल तेव्हा दिग्विजयभावजींकडे होती. ती घेऊन ते आले आणि खाटेजवळ ठेवून म्हणाले, "वाजव. बदली काय द्यायची ते उठलास की बघू." भिवांनी झोपल्या झोपल्या तारांवरून बोट फिरवले. पाटी उघडण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ते जानेवारीत गेले. बदलीत गिटार गेलेली नाही, आत नाव लिहिलेले नाही, म्हणजे अदलाबदल झालेली नाही. मी लाल गिटार तीनदा महाळुंग्याला पाठवली. तिन्ही वेळा ती परत आली. "मित्राला दिलेली वस्तू मी परत घेणार न्हाई, वहिनी," एवढाच निरोप.

मिनलने ती माझ्याकडे मागितली आहे. ती भीमगीतांच्या ग्रुपमध्ये वाजवते, वडिलांपेक्षा चांगली वाजवते, आणि आजवर तिने माझ्याकडे दुसरे काही मागितलेले नाही. पण जी वस्तू माझी नाही ती मी मुलीला देऊ शकत नाही. म्हणून माझ्या मृत्यूनंतर लाल गिटार दिग्विजय शिवळे यांना परत करावी आणि पिकअपची हकीकत त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. मिनलला वाईट वाटेल. मलाही हे लिहिताना बरे वाटत नाही.

७. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. भाषणे दोन, त्यातले एक लहान. फुलांवर खर्च नको.

८. पुरवणी. कलम ६ लिहून झाल्यावर वकीलबाईंनी सांगितले की वस्तूचे वर्णन नेमके हवे. आत नावे असतील तर तीही नमूद करा. पाटी घेणाऱ्यानेच उघडायची हा नियम मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या की हा कायदा नाही. काल मिनलने तारा सैल केल्या आणि स्क्रू काढले. आत बारा नोंदी निघाल्या. चौथी दिग्विजयभावजींच्या अक्षरात आहे, ती जशीच्या तशी उतरवते:

"कॉईल — शालिनीवहिनी, भोसरी. १९९२. आवाज एक नंबर. वहिनींना बोलू नये."

त्याखाली बबनराव, १९९३. त्याखाली भिवा, १९९५. म्हणजे तिघांनीही ते वाचले होते. भिवा त्यानंतर सतरा वर्षे माझ्याशेजारी बसून अमेरिकन आवाजाचे कौतुक करत होते. त्यांच्याशी हे भांडण मी राखून ठेवते.

मी भावजींना फोन केला. ते आज सकाळी बबनरावांना घेऊन आले.

"तुम्हाला कळले कसे?"

"पाटी उघडली तर कॉईलवर हिरवा ठिपका," ते म्हणाले. "आख्ख्या एमआयडीसीत तसा ठिपका कोण देतंय, वहिनी?"

सवयीने दिला होता. मोजणी चुकलेल्या कॉईलवर.

"मग बोलला का नाहीत?"

"भोसरीचा माल नको म्हनलो व्हतो मी. पडद्याआड तुमी हायत, हे नंतर ध्यानात आलं. कुठल्या तोंडानं बोलू?"

बबनराव म्हणाले, "मला तर धाकच होता. मोजणी माझ्यामुळंच गेली ना."

मी त्यांना कलम ६ वाचून दाखवले. भावजी मान हलवत राहिले. लाल परत घेणार नाही, जिवंतपणी नाही आणि मृत्युपत्रानेही नाही. तेव्हा मी म्हटले की या पाटीखाली माझे नाव तेहतीस वर्षे आहे, भिवांच्याही आधीपासून. म्हणजे मी या अदलाबदलीत आहे. आज खंडेनवमी आहे. लाल मी घेते. बदलीत पांढरी.

"पांढरी?" बबनराव हसायला लागले. "दिग्या, चाळीस वर्षं चुकवत आलास ती!"

भावजींनी पांढरी मांडीवर घेतली. वाकलेल्या मानेवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच राहिला. "भिवाची हाय," ते म्हणाले. "द्या. पर तीन दिसांत परत मागायची न्हाई."

संघर्षला फोनवर विचारले. पांढरी त्याच्या नावे लिहिली होती. तो म्हणाला, "काकांना दे. पेटी मात्र माझी." पेटी संघर्षला.

मी लाल गिटारीच्या आत पेन्सिलीने तेरावी नोंद केली: शालिनी ओव्हाळ, २०२५. त्यामुळे कलम ५ मधील पांढऱ्या गिटारीची व कलम ६ मधील लाल गिटार परत करण्याची तरतूद रद्द समजावी. बाकी मजकूर राहू द्यावा, तो खरा आहे. लाल गिटार आता माझी आहे आणि माझ्या पश्चात ती मिनलला द्यावी. सोबत हाताने फिरवायचे मशीनही, कारण तार कधीतरी तुटणारच. मिनलने ती विकू नये. दर खंडेनवमीला बदलायला काढावी. कोणी योग्य भेटला तर द्यावी आणि मग जेवताना काय होते ते पाहावे.

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलबाईंनी सुरुवातीलाच बजावले होते. दिग्विजयभावजींना यातून आता काहीही मिळत नाही. त्यांना जे मिळायचे ते आज दुपारी, माझ्या हयातीत, माझ्या हातून मिळाले. म्हणून साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बसवले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तपासला. पास आहे.

ठिकाण: पिंपरी
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

सही: शालिनी भिवा ओव्हाळ

आम्हा दोघांच्या समक्ष वरील बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार:
१. बबनराव सोपान घुले, भोसरी
२. दिग्विजय चिमाजी शिवळे, महाळुंगे (यांनी सवयीने पेन्सिलीने सही केली. वकीलबाईंनी ती नाकारल्यामुळे शेजारी पुन्हा पेनाने केली आहे. पेन्सिलीची सही खोडू नये.)