येणार, पूर्णविराम

१४ डिसेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. गुडघे कुरकुरतात, कान मात्र अजून तिखट आहेत. छपाईयंत्राचा एक दात झिजला तरी दुसऱ्या खोलीतून कळतं. अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

माझ्या छापखान्यात एका शिक्षिकाबाईंचं पुस्तक चाललं होतं. इतिहासानं दाराबाहेर ठेवलेल्या देशोदेशीच्या बंडखोर बायका. पुरुषाच्या वेषात जहाजावर चढून पृथ्वी फिरून आलेली एक, कामाचे तास कमी करा म्हणून गिरण्या बंद पाडणाऱ्या कितीतरी. तुला ठाऊकच आहे, लेक मोठ्यानं वाचते आणि मी डोळे मिटून चुका पकडतो. शेवटच्या प्रकरणात, आपण दोघं नोकरीला होतो तो छापखाना आला.

'जुळाऱ्याच्या चुकीमुळे नोटिशीतला "नाही" गळला आणि लग्न झालेल्या बायकांच्या नोकऱ्या वाचल्या.'

"थांब," मी म्हटलं. "'चुकीमुळे' काढ."

"मग काय घालू?"

मी पान पुढ्यात ओढलं.

"बाबा, तुम्ही तर ती तुमची खोडी म्हणून सांगत आलात. चूक की खोडी, एकदाचं ठरवा." लेक अगदी तुझ्या वळणावर गेलीय.

ताई, मी चहा घेऊन आलो तेव्हा जुळवलेल्या नोटिशीतून 'नाही' या अक्षरांचे शिशाचे खिळे काढून तू खिशात टाकताना मी पाहिलं होतं. मालकानं न वाचता सही ठोकली, नोटीस दारावर लागली: 'यापुढे लग्न झालेल्या बायकांना कामावर ठेवण्यात येणार.' सकाळी सगळ्या जणी त्याच्यासमोर उभ्या राहून विचारत होत्या, "साहेब, सही तुमचीच ना?" गावभर हसं झालं, त्याला माघार घेता येईना. तेव्हा तुला वाचवायला मी म्हणालो, जुळवताना माझ्या हातून सुटलं. तिथवर ठीक होतं. पण पुढे, अकरा वर्षांपूर्वी, माझ्या सत्कारात तेच माझं शौर्य म्हणून मिरवलं आणि तू दुसऱ्या रांगेतून उठून गेलीस. मी पाहिलं, तरी भाषण पुरं केलं.

काल पुस्तकाचं प्रकाशन झालं. मी जुनी नोटीस घेऊन उभा राहिलो. म्हटलं, नीट बघा. खिळे आपोआप पडले असते तर तिथे भोक राहिलं असतं. इथे पूर्णविराम 'येणार'ला चिकटवलाय, ओळ पुन्हा मधोमध आणलीय. ही चूक नव्हे, ही माझ्या ताईची कारागिरी आहे. मी फक्त तिचं श्रेय खाल्लं.

सभागृह उभं राहिलं. माझ्यासाठी नव्हे, तुझ्या नावासाठी. टाळ्या थांबेनात. आपल्या तेव्हाच्या बांधणी खात्यातल्या सर्वांत थोरल्या बाई काठी आपटत पुढे आल्या. "आम्हाला तेव्हापासून माहीत होतं रे. तू कधी तोंड उघडतोस, तेवढंच बघत होतो."

पुस्तक सोबत आहे. पान दोनशे बारा. छपाईआधीच त्या वाक्यात तुझं नाव मी हातानं जुळवलंय.

तेव्हा नोकरी वाचलेल्यांतल्या नऊ जणी रविवारी तुझ्याकडे येणार आहेत. पत्ता मीच दिला, रागावू नकोस. मी त्यांना दारात सोडून गाडीतच बसेन. हाक मारलीस तर आत येईन.

तुझ्या हाताखाली शिकलेला, आणि आता कुठे तुझा म्हणवून घ्यायला धजावलेला,
धाकटा