चार सेकंद

मास्तर,

नमस्कार लिहायलाही तोंड नाही.

न्यूज चॅनेलमध्ये नोकरी लागली तेव्हा तुम्हीच मला तुमच्या प्रार्थनेच्या ठिकाणी शूटिंगला नेलंत. "आमचा पोरगा आहे," असं सगळ्यांना सांगितलंत. बाहेर पडताना उन्हाने तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग मला पाहून तुम्ही हसलात. एडिटिंग करताना ते हसू मी कापलं. आठ्यांचे चार सेकंद ठेवले. तेव्हापासून कुठेही स्फोट झाला की बातमीत मी तेच चार सेकंद लावतो. घाईत तेच हाताशी येतात.

काल आई म्हणाली, "त्या शिंप्याकडे कपडे टाकू नकोस. असलीच माणसं दाखवतात टीव्हीवर." माझ्या लग्नाचा कोट तुम्ही शिवलात, हेही ती विसरली. आज मुद्दाम कापड घेऊन तुमच्याकडे आलो. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं.

माझं माप घेता घेता तुम्ही म्हणालात, "टीव्हीवर अगदी माझ्यासारखा दिसणारा कोणी आहे म्हणे. तुझ्या ऑफिसात जरा चौकशी कर ना."

"करतो," म्हणालो.

तुम्ही हसलात. "बरं आहे बाबा, आपला माणूस आहे तिथे."

हे पत्र खिशातच ठेवणारा,
तुमचा पोरगा