बापूंनी सुरात वाचलेलं पत्रक

तांडा, ता. दारव्हा
३ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वला हीस धावजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. पोरगी पुसदच्या शाळेत मराठी शिकवते, हे मी भेटेल त्याला सांगतो. लोक आता मला टाळायला लागलेत.

एक नवल कळवायचं आहे. दारव्ह्याच्या बाजारात साखरेच्या आजारावरल्या चूर्णाचं पत्रक मिळालं. तांड्यात कोणताही कागद आला की नायकाच्या ओट्यावर मीच वाचून दाखवतो, हे तुला माहीत आहेच. या वेळी होळीच्या लेंगी गाण्यासारखा सूर लागला. बायाबापड्या डोलू लागल्या. आमच्या घरधनिणीने, तुझ्या याडीने, तर डॉक्टरच्या गोळ्या बंद करून पंधरा दिवसांपासून चूर्णच धरलंय. शेजारच्या पूनमसिंगची गुडघेदुखीही त्यानेच थांबली. याडी म्हणते, मले हलकं वाटून राह्यलं. फक्त तहान फार लागते आणि पाय बधिर होतात. पत्रक सोबत जोडलंय, वाचून खूश होशील.

माया आहे ती वाढव.
तुझा बापू

पुसद
७ फेब्रुवारी २०२५

ती. बापूंस उज्ज्वलाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र हाती पडताच फोन केला, तर तुम्ही घरी नव्हता आणि याडीने मलाच गप्प केलं, ऐकलं ते खोटं कायले राहीन म्हणाली. बापू, तहान आणि बधिर पाय हे साखर वाढल्याचं लक्षण आहे. हातातलं काम टाका आणि तिला आजच डॉक्टरकडे न्या. मला फार भीती वाटते आहे.

पत्रक मी तीनदा वाचलं. खरं सांगते, पहिल्यांदा मीही डोलले. आधी डोळे जातील, पाय कापावा लागेल अशी भीती घातली आहे. माणूस घाबरला की बरे झालेले चार जण पुढे केले आहेत, आणि शेवटी शंभरच डबे उरल्याची घाई. ज्यांना गुण आला नाही, त्यांचं नाव कोण छापणार? डॉक्टर लुटारू म्हणे. असेल एखादा, पण तेवढ्याने चूर्ण औषध ठरत नाही. हजार वर्षं लोक घेतात म्हणे. तंबाखूही घेतातच की. एक तर गोळ्यांची गुलामी, नाही तर हे चूर्ण, जणू तिसरी वाटच नाही! पूनमसिंगकाकांची गुडघेदुखी थांबली खरी, पण त्याच आठवड्यात त्यांची कापूसवेचणी संपली ना? चूर्णात काय आहे, एवढं मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

एक करा. पत्रक सोबत परत पाठवते आहे. तेच पत्रक वीज बंदची सूचना वाचता तसं सपाट वाचून बघा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची उज्ज्वला

तांडा, ता. दारव्हा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. उज्ज्वला हीस आशीर्वाद, आणि या वेळी थोडा नमस्कारही.

आधी बातमी, मग बाकीचं. याडी बरी आहे! तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिला नेलं, साखर तीनशे चाळीस निघाली. डॉक्टर मला असे बोलले की मान वर करवेना. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, काल एकशे सत्तर भरली. पायाला मुंग्या अजून येतात, पण तहान गेली. पोरी, छातीवरचा धोंडा उतरला.

मग ओट्यावर ते पत्रक सपाट वाचलं. तिसऱ्या ओळीला लोक जांभया देऊ लागले. बिजलीबाईने विचारलं, बनवणाऱ्याचा पत्ता काहून नाही? मी कागद उलटसुलट करून पाहिला, पत्ता नव्हताच. तिच्या घरचा डबा त्याच संध्याकाळी उकिरड्यावर गेला.

पण मनाला लागलं ते वेगळंच. घरी येऊन मी याडीला म्हणालो, असल्या कागदावर तू भरोसा कसा ठेवला? ती भाकरी थापत होती. म्हणाली, मले कुठं वाचता येते? म्या कागदावर नाही, तुमच्यावर भरोसा ठेवला.

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. आता कागद आला की आधी दोनदा मनात वाचतो, मगच ओट्यावर चढतो.

चुकलं तिथे असाच कान धरत जा.
तुझा बापू