राखून ठेवलेला व्हिसेरा

बाबा,

कोथरूडच्या त्या बाईंच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आज सकाळी त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. मुलाकडच्यांना इंटरनेटवर मी लिहिलेल्या जुन्या बातमीचं कात्रण सापडलं. ती बातमी तुम्ही वाचली होतीत आणि चहा तसाच टाकून उठला होतात.

तुम्ही आयुष्यभर प्रयोगशाळेत बाटल्या उतरवून घेतल्यात. शवविच्छेदनात काढलेले जठराचे, यकृताचे तुकडे, म्हणजे व्हिसेरा, मिठाच्या पाण्यात, लाखेनं सील होऊन तुमच्या टेबलावर यायचे. तुम्ही आधी सील सोबतच्या नमुन्याशी ताडून बघायचात, मगच नोंद करायचात. घरीही तेच. लोणच्याच्या बरणीवरचा दादरा बघून आईला म्हणायचात, "ही गाठ तुझी नाही," आणि मग माझ्या बोटांकडे बघायचात. बोटांना तेल असायचंच.

मृत्यूचं कारण लगेच कळलं नाही की डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात, त्याचा अर्थ 'अजून माहीत नाही' एवढाच, हे मी जेवणाच्या ताटावर शिकले. आणि तरीही त्या संध्याकाळी, पान छपाईला सोडायला वीस मिनिटं असताना, मी लिहिलं: 'सासूचा विषप्रयोगाने मृत्यू? सुनेची चौकशी.' सून हिंजवडीला एका कंपनीत होती. सकाळी सासूचा डबा भरून ती कंपनीच्या बसनं गेली, दुपारी सासू गेली. घटना एवढीच होती. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, असं आम्हाला तेव्हा वाटायचं.

तुम्ही पेपर घडी करून माझ्यासमोर ठेवलात. "छान. प्रयोगशाळेला टाळं लावायला सांगतो. तुमचा पेपर आहे की."

"अहो बाबा, शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

"तिच्या सोसायटीतले लोक प्रश्नचिन्ह वाचतात का? विष कुणी सांगितलं तुला?"

मी तुमच्या मित्राचं नाव घेतलं. ते तेव्हा त्या ठाण्यात इन्स्पेक्टर होते.

आठ महिन्यांनी अहवाल आला: विषारी द्रव्य आढळले नाही. म्हातारीचं हृदय बंद पडलं होतं. तोवर बाईंकडून कंपनीनं राजीनामा घेतला होता, नवऱ्यानं त्यांना घराबाहेर काढलं होतं, आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन त्या हडपसरला एका खोलीत राहायला गेल्या होत्या. मी चार ओळी लिहिल्या. त्या दिवशी नव्या फ्लॅटच्या स्कीमची पानभर जाहिरात आली आणि त्या ओळी वगळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मी त्या पुन्हा दिल्या नाहीत. कात्रण टिकलं, अहवाल कुणाला सापडत नाही.

फोनवर बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. मुलीला एकदा कळू दे, विष हा शब्द कुठून आला." उद्या अकराला त्या मुलीला घेऊन ऑफिसात येणार आहेत. सोबत अहवालाची झेरॉक्स असेल. ती बातमी वेबसाइटवरून काढायला आणि खुलासा पहिल्या पानावर घ्यायला संपादक तयार आहेत. पण खुलाशात त्या शब्दाचा उगम लिहा, असं त्यांनीही सांगितलंय.

तुम्ही त्या मित्राकडे जाणं सोडलंत. ते आजारी पडले तेव्हाही गेला नाहीत. "ज्याला व्हिसेरा आणि विष यांतला फरक कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं," असं आईला म्हणालात. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ऐकलं आणि मळत राहिले.

बातमीच्या संध्याकाळी तुमचे मित्र फोनवर फक्त एवढंच म्हणाले होते: "कारण कळलेलं नाही, व्हिसेरा राखून ठेवलाय. बाकी काही लिहू नकोस, बाळ." बाकीचं मी लिहिलं. तुम्ही त्या दिवशी माझ्या बोटांकडे बघितलं नाहीत.

उद्या मुलगी विचारेल. तिला पहिल्यांदा खरं सांगेन, तुमच्याही आधी. हे पत्र त्यानंतर तुमच्याकडे येईल.