आबांचा फोन ओसरीत

बुधवार, संध्याकाळ

उद्या सकाळी नोकरीची मुलाखत आहे, व्हिडिओवर. आमचं इंटरनेट फोनच्या तारेवरूनच, आणि मळ्यापर्यंत ती इतकी लांबून येते, की चित्र सारखं अडकतं. म्हणून आज आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खोलीत नेलेली जादा तार मी तोडली; तिच्यामुळे सिग्नल आणखी कमी व्हायचा. मोडेम ओसरीत, तार घरात शिरते तिथेच लावला. चित्र अडकेना! पण आबांचा फोन बंद पडला. रोज याच वेळी नशिराबादहून त्यांच्या बहिणीचा फोन येतो. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, तसाच ठेवला. तो ठेवलेला रिसीव्हर डोळ्यांसमोरून हलेना. तार परत जोडू? मग मुलाखत? शेवटी त्यांचा फोन ओसरीत, मोडेमशेजारी जोडला. आबा खाटच घेऊन आले. म्हणाले, "सकाळी मी खोकसू बी नही, पोरी."