बाळाला कोणी निजवले

फैजपूर, ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलले की शेजारीण भिंतीला कान लावते, म्हणून पत्र.

आपल्या नवलचे बाळ जाऊन आज तेरा दिवस झाले. अडीच महिन्यांचे. ना ताप, ना खोकला. दुपारी निजले ते उठलेच नाही. मला सुनेचा संशय येतो. पुनमचे डोके सदा मोबाइलमध्ये. चौथ्याच दिवशी पाचोऱ्याला माहेरी निघून गेली. तिला आणायला जायचे नाही, असे मी नवलला बजावले आहे.

आता मेघा नावाची आरोग्य खात्याची बाई फॉर्म घेऊन येते. बाळ पालथे होते का, अंगावर काय होते, कोणी निजवले. गोड बोलून काय काढून घ्यायचे आहे, देव जाणे. मी पुनमचे नाव सांगितले. तू नर्स आहेस म्हणून विचारते, यातून पोलीस येतात का?

तुझी,
भिकुअक्का

धुळे, ता. १७ जानेवारी

ती. अक्कास रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

पोलीस येत नाहीत. बाळ असे अचानक गेले की आम्ही हीच चौकशी करतो, म्हणजे दुसऱ्या घरचे वाचावे. बाळ उताणे निजवा, तोंड उघडे ठेवा, हे सांगत आम्ही दारोदार फिरतो.

अक्का, तू दूधवाल्यावर संशय घेतलास, माझ्या लग्नात नवरदेवाच्या घड्याळावरही घेतलास. ते आम्ही हसण्यावारी नेले. हे नेता येत नाही. त्या दुपारी धुणे वाळत घालताना पुनमने मला फोन केला होता. बाळाला आईंनी निजवले, म्हणून दोन मिनिटे मोकळी आहे, असे म्हणाली होती. मी हे अजून कोणाला सांगितलेले नाही. तू सांगावेस असे वाटते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
रत्ना

फैजपूर, ता. २४ जानेवारी

चि. सौ. पुनम हिस आशीर्वाद.

काल मेघाबाई कापडी बाहुली घेऊन आली. बाळ कसे होते ते हिच्यावर दाखवा म्हणाली. नवल समोर बसला होता. मला ठाऊक नाही, असे मी म्हटले, तरी तिने बाहुली माझ्या हातात दिली. मी ती पालथी घातली, पाठीवर थोपटले, दृष्ट लागू नये म्हणून डोक्यावरून गोधडी ओढली आणि टोके खाली खोचली. मग नवलकडे पाहिले. तो उठून बाहेर गेला.

पालथे निजले की पोटातला वारा सरतो, असे सासूने मला शिकवले होते. नवललाही मी असेच निजवत असे. यानेच बाळ गेले असे छातीठोक कोणी सांगू शकत नाही, पण धोका वाढतो, असे मेघाबाई म्हणते. त्या दिवशी गोधडी तू काढलीस, किंकाळी तू फोडलीस, म्हणून सगळे तुझ्याकडे पाहत राहिले. मी ते पाहू दिले. मला फार भीती वाटली होती, पोरी.

फॉर्मवरचे तुझे नाव खोडून माझे लिहवले आणि खाली सही केली. भाऊबंदांना घरी बोलावून हेच सांगितले. नवल रविवारी पाचोऱ्याला येईल. या घरात यायचे नसेल तर दोघे जळगावला बिऱ्हाड करा, मी आड येणार नाही. पुढे लेकरू झाले तर ते माझ्या हातात देऊ नकोस. मी मागणार नाही.

शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत आहे. तुला ते लिहायला माझा हात धजत नाही.

भिकुबाई