जीवनच्या अकरा सीड्या

वलगाव
२० ऑक्टोबर २०१८, दसऱ्याचा तिसरा दिवस

चि. प्रतीक्षाले आजीचे आशीर्वाद पोचो.

आमी सासू-सून धड आहो. तुही माय शकुन रोज पहाटे मेथी घेऊन अमरावतीले जाते. शेजारची मैनाबाई पाय मोडून बसली, पण तोंड शाबूत आहे.

फोन असून पत्र काहून, म्हणशीन. फोनवर तू मधातच बोलतं, मंग माह्यं राहून जाते. चौथीपर्यंत शिकली, थे आज कामी येऊ दे.

ज्वारी भरली. गेल्या साली कपाशी अळीनं नेली, म्हणून अवंदा ज्वारीवरच भिस्त आहे. राघू कमी आहेत. काहून कमी, थे सांगतो.

परवा तू फोनवर म्हणे, दिवाळीले येतो आन बाबाच्या खेळाच्या सीड्या पुण्याले नेतो. मी म्हटलं, डब्या फळीवर आहेत. खोटं नाई बोलली. डब्या आहेत.

रिकाम्या आहेत, पोरी.

बापाच्या वर्षश्राद्धाले तू आली, आपलं खेळाचं मशीन टीव्हीले लावलं. पाहतो तं थोच मोटारीचा खेळ! तुमी बापलेक खेळत बसा आन भाकर थंडी होये, थोच. मी विचारलं, "हा तं घरात आहे, परत काहून घेतला?" तू म्हणे, "आजी, अकराचे अकरा घेतले. आता सीडी लागत नाई, वरूनच येते." मी म्हटलं, "घरात दळण असून इकतचं पीठ आणणारी सून पाह्यली होती, आता नातही पाह्यली." तू हसली. शकुन नाई हसली.

तू गेली. मले वाटलं, सीड्या आता भंगार. इकडं राघू कणसं फोडून राहिले. धुऱ्यापल्याडच्या वावरातल्या श्रावणनं पेरूच्या झाडाले जुन्या सीड्या टांगल्या, उन्हात चमकतात, पाखरू भेते. मी अकराही सुतळीत ओवल्या आन ज्वारीत काड्या रोवून टांगल्या. आधी राखेनं घासल्या, लोटा घासतो तशा, दोन्ही अंगानं. चमक पाह्यजे ना.

आन परवा तू सांगतं, "आजी, बाबाच्या सीड्यांले ओरखडा पडू नये म्हणून तं तेच खेळ दुसऱ्यांदा घेतले. बाबाच्या हातचं नाव आहे त्यावर."

मी फोन शकुनजवळ देल्ला आन तशीच वावरात गेली. आठ भेटल्या. दोन वाऱ्यानं नेल्या, एक फुटली. श्रावणले दाखवल्या. त्यानं उजेडात धरून पाह्यल्या. "मावशी, आता यातून काई निघत नाई." मी म्हटलं, "निघत नाई तं नाई, नाव दिसते का पाह्य." त्यानं सीड्या पुसून माह्या पदरात घातल्या.

इथं थांबून चहा पेली. आता खरं लिहितो.

नाव मले घासायच्या आधी दिसलं होतं. निळ्या शाईनं, जीवन, खाली रेघ ओढलेली. मले वाचता येते. ज्या पंपानं औषध फवारता फवारता थो पडला, त्या पंपावर त्याचं नाव. पासबुकावर त्याचं नाव. रेशनच्या कार्डावरून अजून कोणी कमी केलं नाई. वर्षभर जिथं हात घालावा, तिथून थोच निघे. वरून गाव म्हणे, बुढी रडली नाई. मी राख घेतली आन घासलं. पहिल्या सीडीले हात थांबला. मंग नाई थांबला.

तुले विचारलं असतं तं वाचल्या असत्या. विचारलं होतं मी, पण टोमण्यात. टोमण्याले कोण खरं उत्तर देते?

आठ सीड्या लुगड्यात गुंडाळल्या आहेत. फेकवत नाईत. तुह्यासमोर ठेववणार नाईत. शकुनले अजून सांगितलं नाई, थे तुह्या वाटंले डोये लावून बसली, चकलीची भाजणी करून राहिली. तू ये. माह्याशी नाई बोलली तरी चालन, मायजवळ बस. नाईच आली तं तिले मी काय सांगू, थे तेवढं लिहून पाठव. मले सुचत नाई.

जीवनची माय,
मनकर्णा